दाराबाहेरच्या चार वाटा

"आईंना थोडे बाहेर फिरवत जा," असे डॉक्टर सांगतात आणि चिठ्ठीवरची पुढची ओळ लिहू लागतात. घरी परतल्यावर लेकाला किंवा सुनेला प्रश्न पडतो, की फिरवायचे तरी कुठे? महानगरांत निदान उद्यानांची यादी हाताशी असते. पेण किंवा रोह्यासारख्या गावात आळीबाहेर पाऊल टाकले की दुचाक्या, बाजाराची गर्दी आणि उखडलेला रस्ता. महामार्गाकडे वळावे तर अवजड वाहनांची रांग. मग आजी ओटीवरच्या खुर्चीत बसून राहतात, अण्णा वाचून झालेले वर्तमानपत्र पुन्हा उघडतात, आणि डॉक्टरांनी सांगितलेले तेवढे एक काम राहून जाते.

दिवाळी सरली आहे. शेवाळलेल्या पायऱ्या आता सुकल्या आहेत आणि कोकणच्या दमट हवेत थोडा कोरडेपणा आला आहे. येथून माघ-फाल्गुनापर्यंतचे दिवस ज्येष्ठांना घराबाहेर नेण्यासाठी वर्षातले सर्वांत अनुकूल दिवस होत. म्हणून आजच्या लेखात पेण आणि रोहे परिसरातील ज्येष्ठांसाठी चार वाटांचा विचार करू. एक रोजची, एक आठवड्याची, एक ऋतूतून एकदा जाण्याची आणि एक वर्षातून एकदा.

घरात बसण्याची किंमत

उतारवयात एकदा तोल गेला, किंवा शेजारच्या काकू पडल्याचे कानावर आले, की मनात भीती घर करते. भीतीमुळे चालणे कमी होते. चालणे कमी झाले की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल सांभाळण्याची सवय मोडते आणि पुढच्या वेळी पडण्याची शक्यता आणखी वाढते. पडू नये म्हणून घरात बसणारा माणूस अशा रीतीने पडण्याच्याच जवळ जातो. या चक्रात काळजी घेणाऱ्यांचाही वाटा असतो. "आई, तुम्ही उठू नका, मी देते," हे वाक्य मायेचे असते. परंतु दिवसातून वीस वेळा उच्चारले गेले, तर ते आईंच्या वीस उठबशा हिरावून घेते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. ज्यांना एवढे जमत नाही, त्यांनी प्रकृतीला झेपेल तेवढे करावे, कारण थोडी हालचालही काहीच न करण्यापेक्षा बरी, असेही त्याच सूचनांत म्हटले आहे. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तोही सलग असण्याची आवश्यकता नाही. सकाळी दहा, दुपारी दहा आणि सायंकाळी दहा मिनिटे चालले तरी हिशेब पुरा होतो. मध्यम श्रम कसा ओळखावा? चालता चालता बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग असला म्हणजे तो मध्यम श्रम.

उघड्यावर चालण्याचे आणखीही लाभ आहेत. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे झोप-जागेचे घड्याळ ताळ्यावर राहते. रात्री झोप नसल्याची तक्रार करणारे पुष्कळ ज्येष्ठ दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसलेले असतात, हे आवर्जून पाहावे. शिवाय वाटेत ओळखीचे चार चेहरे भेटतात, कुणाच्या तरी नातवाची चौकशी होते. एकटेपणावर याहून साधा उपाय नाही.

जागा कशी पारखावी?

ज्येष्ठांना नेण्यापूर्वी काळजी घेणाऱ्याने एकदा ती जागा स्वतः पाहून यावी आणि पाच गोष्टींची नोंद करावी. पहिली, बसायला जागा किती अंतरावर आहे? दुसरी, वाट सपाट आहे का, आणि पायऱ्या असल्यास धरायला कठडा आहे का? तिसरी, सावली कोणत्या वेळी कुठे असते? चौथी, स्वच्छतागृह आहे का आणि ते वापरण्याजोगे आहे का? वारंवार लघवीला जावे लागते म्हणून घराबाहेर पडणेच सोडलेले ज्येष्ठ थोडे नाहीत; संकोचाने ते दुसरेच कारण सांगतात. पाचवी, थकवा आल्यास रिक्षा किंवा गाडी किती जवळ येऊ शकते? या पाच प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर जागा प्रसिद्ध नसली तरी चालेल. ती नसतील तर नावाजलेले स्थळही आपल्या उपयोगाचे नाही.

रोजची वाट: आपली आळी

पेणकरांना रोजच्या वाटेसाठी दूर जाण्याचे कारण नाही. वाहनांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, परंतु उन्हे वर आल्यावर, म्हणजे हिवाळ्यात साधारण सात ते साडेआठ या वेळेत गावातील आळ्या चालण्याजोग्या असतात. कासार आळी, कुंभार आळी या भागांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत आणि त्यांचे काम भाद्रपदापुरते नसते. ते वर्षभर चालू असते. या महिन्यात साच्यातून निघालेल्या कोऱ्या मूर्ती रांगेने वाळत असतात. एखाद्या कारखान्याच्या दारात पाच मिनिटे बसावे, कारागिरांशी दोन शब्द बोलावेत आणि मग परतावे. चालण्याला असे एखादे निमित्त असले की उद्या पुन्हा जावेसे वाटते. मात्र दम्याचा किंवा श्वासाचा विकार असलेल्यांनी रंगकाम चालू असलेल्या जागी थांबू नये. फवाऱ्याचा रंग आणि मातीची धूळ दोन्ही त्रासदायक ठरतात.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ हा त्यांचा जन्मदिवस. भूदानाची पदयात्रा त्यांनी १९५१ मध्ये आरंभली तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते आणि पुढे सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी फिरत राहिले. आपल्याला देश पालथा घालायचा नाही. परंतु पन्नाशी उलटल्यावर चालणे संपते, असे मानण्याचे कारण नाही, एवढे या तालुक्याच्या मातीतील माणसाने दाखवून दिले आहे.

आठवड्याची वाट: पाण्याकाठी

पाण्याजवळ बसल्याने मन निवते, हा आपल्या सर्वांचा अनुभव. रोहेकरांना त्यासाठी कुंडलिका आहे. एका काठावर रोहे, दुसऱ्या काठावर अष्टमी, आणि मधून वाहणारी ही नदी. शहरालगतचा नदीकाठ अलीकडच्या काळात बांधून काढून फिरण्याजोगा केला आहे. आठवड्यातून एकदा सायंकाळी साडेचार-पाचच्या सुमारास येथे यावे, थोडे चालावे, मग काठावर निवांत बसावे आणि अंधार पडण्यापूर्वी घरी परतावे. ज्यांना चालता येत नाही त्यांना चाकांच्या खुर्चीतून आणता येईल. उतार लागला तर खुर्ची उलटी वळवून, स्वतः खालच्या बाजूला राहून, मागे-मागे सावकाश उतरवावी. समोरून ढकलत नेल्यास बसलेली व्यक्ती पुढे कलंडू शकते.

कुंडलिकेची एक गंमत नातवंडांना जरूर सांगावी. कोकणातील बऱ्याच नद्या उन्हाळ्यात आटून डबक्यांपुरत्या उरतात, पण कुंडलिका भर वैशाखातही वाहते. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीचा जलाशय आहे. त्याचे पाणी पश्चिमेकडे खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते आणि वीज तयार झाल्यावर कुंडलिकेत सोडले जाते. हे केंद्र १९२७ पासूनचे. कोलाडजवळ सकाळच्या वेळी तरुण मंडळी रबरी होड्यांतून प्रवाहात उतरतात, ती याच सोडलेल्या पाण्यावर. मात्र याच कारणाने भिरा-कोलाडच्या बाजूस आकाश निरभ्र असतानाही नदीची पातळी अचानक वाढू शकते. पात्रातील खडकांवर ज्येष्ठांना बसवू नये. काठावरच्या पक्क्या जागीच बसावे.

दुसरी खबरदारी स्वच्छतेची. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत कुंडलिकेचे नाव आलेले आहे. काठावरचा वारा घ्यावा, डोळे भरून पाणी पाहावे. परंतु पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोह टाळावा. मधुमेही ज्येष्ठांच्या पायांना बारीक जखम असली तरी ती जाणवत नाही, म्हणून त्यांनी हे विशेष पाळावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणे तर सर्वांनीच टाळावे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो आणि कोकणाला हा आजार नवा नाही.

पेणकरांचा पाणीकाठ वेगळ्या तऱ्हेचा आहे. धरमतर खाडीच्या बाजूस पसरलेला खारेपाट, भरतीचे पाणी थोपवणारे खारबांध आणि आतले पाणी ओहोटीच्या वेळी सोडणाऱ्या उघाड्या, हे तेथील दृश्य. बांधावरून चालणे ज्येष्ठांच्या सोयीचे नाही. तो अरुंद असतो, सावली नसते आणि धरायला काही नसते. परंतु वढाव-वाशीकडील रस्त्याला रहदारी नसेल अशा ठिकाणी गाडी बाजूला उभी करून, सोबत नेलेल्या घडीच्या खुर्चीवर बसून अर्धा तास काढला तरी पुरे. हिवाळ्यात बगळे आणि चिखलात चोची खुपसणारे लहान पक्षी येथे हमखास दिसतात. ज्यांनी आयुष्यभर खारभूमीत भात पिकवला, बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री धावून गेले, अशा आजोबांना येथे आणल्यावर बोलण्याला विषय पुरवावा लागत नाही. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत तर जुन्या, परिचित जागा विशेष उपयोगी पडतात. कालचे जेवण न आठवणाऱ्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीची पेरणी नीट आठवते आणि ते सांगताना त्याचा चेहरा उजळतो.

ऋतूची वाट: कर्नाळ्याची सावली

पेणहून पनवेलच्या दिशेने महामार्गावर सुमारे वीस किलोमीटर गेले, की कर्नाळा पक्षी अभयारण्य लागते. त्याची स्थापना १९६८ मध्ये झाली. आरंभी साडेचार चौरस किलोमीटरच्या आत असलेले हे क्षेत्र २००३ मध्ये वाढवून बारा चौरस किलोमीटरवर नेण्यात आले. रानाचा प्रवेश थेट रस्त्यालगत असल्याने गाडीतून उतरल्यावर फार चालावे लागत नाही, हा ज्येष्ठांच्या दृष्टीने मोठा लाभ.

येथे सर्वांनी किल्ला चढलाच पाहिजे, असे नाही. अंगठ्यासारखा तो सुळका खालूनही सुंदर दिसतो. प्रवेशद्वारापासून आतली सावलीची वाट जेवढी झेपेल तेवढी चालावी आणि मग एका जागी स्थिर बसावे. पक्षी पाहण्यासाठी चालण्यापेक्षा स्थिर बसणेच अधिक फलदायी असते, त्यामुळे या छंदात ज्येष्ठ तरुणांच्या मागे पडत नाहीत. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक दिसला तर दिवस सार्थकी लागला. ज्यांची दृष्टी मंद आहे त्यांनी डोळे मिटून आवाज मोजावेत. सकाळी लवकर पोहोचावे, सुटीचा दिवस टाळावा आणि खाण्याच्या पिशव्या हातात लोंबत्या ठेवू नयेत. माकडांनी पिशवी ओढली तर तोल जाण्याचे निमित्त होते.

रोहे आणि मुरूडच्या बाजूस फणसाडचे अभयारण्यही आहे. तेथील रान घनदाट आणि शेकरूचे माहेर. पण तेथील वाटा लांब आणि खडबडीत आहेत. धडधाकट चालणाऱ्यांनीच, तेही सोबतीने, तिकडे जावे.

वर्षाची वाट: राजधानीच्या माथ्यावर

आपल्या जिल्ह्याला ज्या गडाचे नाव आहे, ती शिवछत्रपतींची राजधानी. ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला. "एकदा रायगड पाहायचा राहिला," असे सांगणारे कितीतरी ज्येष्ठ भेटतात. चौदाशेहून अधिक पायऱ्या ऐकल्या की ते स्वतःच मान हलवतात. त्यांच्यासाठी १९९६ पासून हिरकणीवाडीहून रज्जुमार्ग आहे. काही मिनिटांत पाळणा माथ्यावर पोहोचतो. रोह्याहून कोलाड, माणगाव, महाड या मार्गाने एका दिवसात हा प्रवास होऊ शकतो, मात्र महाडमध्ये विसाव्याचा मुक्काम केल्यास अधिक बरे.

रज्जुमार्गाने चढण वाचली तरी माथ्यावर काही पायऱ्या आणि उंचसखल फरशी आहेच, हे आधी सांगून ठेवावे. सारा गड पाहण्याचा हट्ट नसावा. राजसदरेपर्यंत जाऊन सिंहासनाच्या जागेसमोर नमस्कार करावा, गंगासागर तलाव पाहावा आणि सावली शोधून बसावे. जगदीश्वराचे मंदिर व महाराजांची समाधी अंतरावर आहेत. तेथवर चालणे झेपेल का, हे ज्याचे त्याने ठरवावे. राज्याभिषेकदिनाच्या आसपासची गर्दी टाळावी. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

निघण्यापूर्वी

काठी वापरणाऱ्यांनी ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ जण नेमके उलट करतात. सरळ उभे राहून हात मोकळा सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, एवढी तिची उंची असावी. सपाता घालून निघू नये; टाच धरून ठेवणारी, न घसरणारी पादत्राणे घालावीत. दुहेरी भिंगांचा चष्मा असणाऱ्यांनी पायऱ्या उतरताना मान खाली करून भिंगाच्या वरच्या भागातून पाहावे, आणि उन्हातून सावलीत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबावे. बाकावरून एकदम उठू नये. उभे राहून क्षणभर आधार धरावा, मग पाऊल टाकावे.

वय वाढते तशी तहानेची जाणीव कमी होते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी द्यावे. ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे त्यांनी डॉक्टरांनी ठरवलेले प्रमाण पाळावे. मधुमेहींनी खिशात साखर किंवा खडीसाखर ठेवावी आणि उपाशीपोटी निघू नये. विस्मरण असलेल्या व्यक्तीच्या खिशात घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. छातीत दडपण, एकाएकी घाम, तोंड वाकडे होणे, हातातील शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर घरी नेण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

निर्णय कोणाचा?

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. कुठे जायचे, किती वेळ बसायचे आणि केव्हा परतायचे, हे ठरवताना ज्येष्ठांना विचारावे. "बाबा, आज नदीवर जायचे की धावीर महाराजांच्या देवळापर्यंत?" असा प्रश्न विचारला तर उत्तर देणाऱ्याला आपल्या दिवसावर आपला काही अधिकार उरला आहे, असे वाटते. पूर्ण सुरक्षितता म्हणजे पूर्ण बंदिवास, असे होऊ देऊ नये. धोका कमी करणे आपल्या हाती असते. तो शून्य करायचा तर माणसाला खाटेवरच ठेवावे लागेल, आणि खाटेचे धोके त्याहून वाईट असतात. काळजी घेणाऱ्यानेही या वेळात मोबाइल बाजूला ठेवून स्वतः चालावे. पाठ आणि मन दोन्ही त्याचीही थकलेली असतात.

दुसरी विनंती ज्येष्ठ नागरिक संघांना. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्या आठ विषयांपैकी पहिलाच विषय बाहेरच्या मोकळ्या जागा आणि इमारती हा आहे. गावात फिरण्याच्या वाटेवर ठरावीक अंतराने पाठ टेकता येईल असा बाक असणे, पायऱ्यांना कठडा असणे आणि एक स्वच्छ स्वच्छतागृह असणे, एवढे झाले तरी कितीतरी घरांची दारे उघडतील. पाच-सहा जणांनी मिळून वाट चालावी, जेथे दमून थांबावे लागले ती ठिकाणे कागदावर लिहावीत आणि तो कागद अर्जासोबत नगरपरिषदेकडे द्यावा. बाक कुठे हवा, हे ज्याचे गुडघे दुखतात त्याच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

आरंभ लहान असावा. या आठवड्यात फाटकापर्यंत, पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत, आणि महिनाअखेरीस नदीकाठी. कुंडलिकेच्या काठावर पोहोचायला माघ उजाडला तरी बिघडत नाही. तोवर हवा थंड राहील आणि आजींना बसण्यासाठी घडीची खुर्ची सोबत असेलच.